न तपासता दिलेली गोळी : 'पांढऱ्या पाण्याचा' दडपलेला इतिहास



रोवणीचे दिवस होते. आम्ही काही कार्यकर्ते अड्याळ आणि आजूबाजूच्या वस्त्यांत फिरत होतो. विषय शिष्यवृत्तीचा होता. विहारात बैठक झाली, फॉर्म भरून झाले, पुरुष मंडळी उठली, पोरंही पांगली. चार-पाच बाया मात्र मागेच रेंगाळल्या. त्यातली एक मावशी आमच्यातल्या ताईच्या जवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "बाई, अंगावरून पांढरं जाते. खाज अशी का रात्री झोप लागत नाही. तीन साल झाले. गोळी खाल्ली का थांबते, महिन्याभरानं पुन्हा येते."

तिने पदराची गाठ सोडून गोळ्यांचे रिकामे पाकीट दाखवले. गोळी कोणी दिली, तर मेडिकलवाल्याने. डॉक्टरांनी तपासले का? "एक डाव गेली होती. त्यांनी विचारलं, लिहून देल्लं. तपासाले कोण बसते?" ती बोलू लागली तशी बाजूची बोलली, मग तिसरी. दोन तास चाललेल्या सभेत ज्या बायांनी तोंड उघडले नव्हते, त्या शेवटच्या पंधरा मिनिटांत तीन वर्षांचे, पाच वर्षांचे, एक तर लग्नापासूनचे दुखणे सांगत होत्या.

आम्ही परत निघालो तेव्हा आमच्या डोक्यात एकच प्रश्न होता. हे दुखणे काही असाध्य नाही. त्याचे औषध जगात सत्तर वर्षांपासून आहे आणि आज सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. मग या मावशीची तीन वर्षे कशात गेली? बुरशीमुळे गेली, असे कोणी म्हणेल. आमचे म्हणणे असे की बुरशी फक्त खाज देते. तीन वर्षे देते ती व्यवस्था. आणि या व्यवस्थेला इतिहास आहे. तो आपल्या तरुणांना माहीत असला पाहिजे, म्हणून हा लेख.

काठेवाडचा थर्मामीटर

बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' आपल्यापैकी पुष्कळांनी वाचले असेल. त्यात बडोद्याच्या पारशी धर्मशाळेचा प्रसंग आहे, गोरेगावच्या प्रवासाचा आहे, ते सगळ्यांना आठवतात. पण त्यातलाच आणखी एक प्रसंग आपण फारसा सांगत नाही. तो १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त छापून आलेल्या एका पत्राचा आहे. काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाची बायको बाळंत झाली आणि दोन दिवसांत आजारी पडली. डॉक्टर यायला तयार होईना. गावातल्या वजनदार लोकांकडे विनवण्या केल्यावर तो आला, पण वस्तीत पाय ठेवणार नाही या अटीवर. दोन दिवसांच्या बाळंतिणीला वस्तीबाहेर आणले गेले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हातात दिला, त्याने नवऱ्याला दिला, नवऱ्याने बायकोला लावला आणि त्याच वाटेने तो परत गेला. कंदिलाच्या उजेडात पारा बघून डॉक्टरने न्यूमोनिया म्हणून सांगितले आणि तो निघून गेला. पुढे तो पुन्हा बघायला आलाच नाही. बाई मेली.

हा थर्मामीटर आम्हांला फार महत्त्वाचा वाटतो. डॉक्टरने उपचार नाकारला नव्हता. त्याने फी घेतली, निदान केले, औषधही दिले. त्याने नाकारला तो स्पर्श. आणि स्पर्शाशिवाय तपासणी नाही, तपासणीशिवाय निदान नाही, निदानाशिवाय औषध म्हणजे अंदाज. जातिव्यवस्थेने आपल्या बायांना दवाखान्याच्या दारातून हाकलले एवढाच इतिहास नाही. दारातून आत घेतल्यावरही त्यांना हात न लावता परत पाठवले, हाही इतिहास आहे.

आता त्या मावशीचे वाक्य पुन्हा वाचा. "विचारलं, लिहून देल्लं." आज कोणी विटाळ म्हणून दूर राहत नाही, असे आपल्याला सांगितले जाते. कारणे बदलली आहेत हे खरे : गर्दी आहे, आडोसा नाही, महिला डॉक्टर नाही, वेळ नाही. पण मावशीच्या बाजूने बघितले तर फरक काय पडला? काठेवाडच्या बाईला थर्मामीटर दुसऱ्याच्या हातातून मिळाला, अड्याळच्या बाईला गोळी काउंटरवरून मिळते. तपासणी दोघींच्याही वाट्याला आली नाही.

लाज कोणी शिकवली?

'या गोष्टी बोलायच्या नसतात' हे आपल्या आया-बहिणींना जन्मतः माहीत नव्हते. ते त्यांना शिकवले गेले. बाईचे शरीर पाळीत अपवित्र, बाळंतपणात अपवित्र, विधवापणात अशुभ, हे सांगणारी ब्राह्मणी शास्त्रे एका बाजूला. दुसऱ्या बाजूला जातीने ठरवलेली पाण्याची वाट. ज्या वस्तीला विहिरीवर पाय ठेवायची बंदी होती, तिथल्या बाईला धुण्या-न्हाण्याचे पाणीही मागून घ्यावे लागे. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर गेले ते केवळ ओंजळभर पाणी पिण्यासाठी नव्हे, माणूस म्हणून हक्क बजावण्यासाठी. पण पाण्याचा हक्क हा बाईच्या अंगाचाही हक्क आहे, हे आपण महाडवरच्या भाषणांत सहसा सांगत नाही.

बोलण्याच्या हक्काचीही लढाई झाली, आणि तिथेही बाबासाहेब उभे होते. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केले. वाचक आपले लैंगिक प्रश्न पत्राने विचारत आणि कर्वे सरळ, शास्त्रीय उत्तर देत. सनातन्यांना ते अश्लील वाटले. कर्व्यांवर खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला बॅरिस्टर आंबेडकर उभे राहिले. लैंगिक विषयावर लिहिणे म्हणजे अश्लीलता नव्हे, अज्ञान आणि विकृती ज्ञानानेच दूर होते, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण विचार करा, ज्यांच्या हातात तेव्हा कोट्यवधी अस्पृश्यांच्या राजकीय हक्कांचा प्रश्न होता, त्यांना एका छोट्या मासिकातल्या प्रश्नोत्तरांसाठी कोर्टात उभे राहणे गरजेचे का वाटले? कारण ज्या समाजात माणसाला आपल्या शरीराबद्दल प्रश्न विचारता येत नाही, तो समाज गुलामच राहतो, हे त्यांना कळत होते.

हे एकटे उदाहरण नाही. जुलै १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात गिरणी कामगार बायांच्या प्रसूती रजेच्या विधेयकाला बाबासाहेबांनी पाठिंबा दिला आणि १९२९ साली तो कायदा झाला. नोव्हेंबर १९३८ मध्ये संततिनियमनाचा ठराव त्यांच्या पक्षाकडून मुंबई विधानसभेत आला. बाबासाहेब स्वतः हजर राहू शकले नाहीत, तेव्हा त्यांचे भाषण पी. जे. रोहम यांनी वाचून दाखवले. ठराव मोठ्या फरकाने फेटाळला गेला. २० जुलै १९४२ ला नागपूरला अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली, अध्यक्ष होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. हजारो बाया आल्या होत्या. म्हणजे आमच्या चळवळीत बाईच्या शरीराचा, बाळंतपणाचा, आरोग्याचा प्रश्न पहिल्या पिढीपासून जाहीर व्यासपीठावर होता. तो व्यासपीठावरून खाली कोणी उतरवला, हे आपण स्वतःला विचारायचे आहे.

वैनगंगेच्या खालच्या अंगाला : १९८९

आपल्या पवनी तालुक्यावरून वैनगंगा खाली गडचिरोलीकडे जाते. त्या गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ च्या सुमारास वसा आणि अमिर्झा या दोन गावांत एक काम केले. त्यांनी दवाखान्यात आलेल्या बाया मोजल्या नाहीत. ते गावात गेले आणि सहाशे पन्नास बायांची तपासणी केली, आजारी असो वा नसो. हा अभ्यास जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या जगातल्या नामवंत वैद्यकीय नियतकालिकात आला.

निष्कर्ष काय? शंभरातल्या ब्याण्णव बायांना स्त्रीरोग होता. सरासरी एका बाईला साडेतीनच्या वर आजार. त्यात योनीमार्गाचे संसर्ग मोठ्या प्रमाणात होते. पंचावन्न टक्के बायांनी तक्रार सांगितली, उरलेल्यांनी काहीच त्रास नाही असे सांगितले आणि त्यांच्यातही बहुसंख्य आजारी निघाल्या. आणि याआधी कधीतरी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या बाया किती? शंभरात आठ.

हे आकडे पुन्हा वाचा. ब्याण्णव आणि आठ. स्वातंत्र्याला चाळीस वर्षे झाली होती. कुटुंब नियोजनाचे लाल त्रिकोण गावोगाव भिंतींवर रंगवले होते. म्हणजे सरकारला गावातल्या बाईचे गर्भाशय माहीत होते, नसबंदीच्या शिबिरात ते मोजलेही जात होते. पण त्याच बाईला खाज येते का, जळजळ होते का, हे विचारायला कोणी आले नव्हते. तिच्या शरीरात राज्याला रस होता तो लोकसंख्येपुरता. तिच्या दुखण्यात रस नव्हता.

या अभ्यासाने जगाचे लक्ष वेधले, हे त्याचे मोठे यश. पण आम्ही आमच्या वाचकांना त्यातली पद्धत लक्षात ठेवायला सांगतो : गावात जाणे, विचारणे आणि तपासणे. जे काठेवाडच्या डॉक्टरने केले नाही तेच.

बुरशीचा इतिहास, आणि दोन बाया

आता दुखण्याकडे येऊ. ज्याला आपल्याकडे सरसकट 'पांढरं पाणी' म्हणतात, ते एक दुखणे नाही. पाळीच्या मध्यावर थोडा पांढरा, चिकट स्राव जाणे हे तर निरोगी शरीराचे काम आहे. आजार वेगवेगळे आहेत. दह्याच्या कवडीसारखा घट्ट स्राव, भयंकर खाज, जळजळ, आणि फारसा वास नाही, असे असेल तर बहुतेक वेळा ती बुरशी असते, तिचे नाव कॅन्डिडा. पातळ, राखाडी स्राव आणि मासळीसारखा वास असेल तर जिवाणूंचा समतोल बिघडलेला असतो. पिवळा-हिरवट, फेसाळ स्राव असेल तर ट्रायकोमोनास हा संबंधातून पसरणारा परजीवी असू शकतो, त्यात जोडीदारालाही औषध घ्यावे लागते. तिन्हींची औषधे वेगळी. पण तिन्हींची लक्षणे एकमेकांत मिसळतात, म्हणून नुसते ऐकून निदान चुकते. सूक्ष्मदर्शकाखाली स्राव बघावा लागतो. इथेच तो थर्मामीटर पुन्हा आठवावा.

ही बुरशी निरोगी बाईच्या शरीरातही थोड्या प्रमाणात राहते. तिला आवर घालतात तिथलेच उपकारक जिवाणू. दर चार बायांमागे तीन बायांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो. जात, धर्म, देश काहीही असो. हा आजार पापाने होत नाही, नजर लागून होत नाही, चालचलणुकीने होत नाही. तो सहसा संबंधातून पसरणाऱ्या आजारांतही मोजला जात नाही. ज्या नवऱ्याने यावरून बायकोवर संशय घेतला असेल, त्याने हे वाक्य दोनदा वाचावे.

या बुरशीला कॅन्डिडा हे नाव १९२३ साली क्रिस्टिन बर्खाउट या डच बाईने आपल्या प्रबंधात दिले. आणि माणसाला सुरक्षितपणे देता येईल असे पहिले बुरशीविरोधी प्रतिजैविक शोधले तेही दोन बायांनी. एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन या न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यातल्या संशोधक. एक न्यूयॉर्क शहरात, दुसरी ऑल्बनीला. ठिकठिकाणची माती गोळा करायची, त्यातले जिवाणू वाढवायचे, काचेच्या बरण्यांत भरून टपालाने एकमेकींना पाठवायचे, असे त्यांचे काम चाले. व्हर्जिनियातल्या एका शेताच्या मातीत त्यांना हवे ते सापडले. १९५० साली त्यांनी ते जाहीर केले आणि आपल्या राज्याच्या नावावरून त्याला निस्टॅटिन म्हटले. त्या औषधाच्या स्वामित्वधनाचे एक कोटी तीस लाख डॉलरहून अधिक झाले, ते त्यांनी स्वतः न घेता संशोधनाला दिले. पुढे क्लोट्रिमॅझोल आले, मग पोटात घ्यायचे फ्लुकोनॅझोल आले. आज या औषधांवर कोणाची मक्तेदारी नाही, ती स्वस्त आहेत. म्हणजे विज्ञानाने आपले काम केले. उरले ते समाजाचे काम.

पुन्हा पुन्हा का होते?

मावशीचा खरा प्रश्न हाच होता. वर्षातून तीन किंवा अधिक वेळा झाले तर त्याला वारंवार होणारा संसर्ग म्हणतात. जगात दरवर्षी तेरा कोटींहून जास्त बायांना तो होतो, असा अंदाज २०१८ साली प्रसिद्ध झाला आहे. त्याची कारणे समजून घेऊ.

पहिले, साखर. मधुमेह ताब्यात नसेल तर बुरशीला खाऊ मिळतो. आपल्याकडे पुष्कळ बायांना मधुमेह आहे हे या खाजेवरूनच पहिल्यांदा कळते, पण रक्त तपासले तरच. मधुमेहाची काही नवी औषधे साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, त्यांनीही हा त्रास वाढतो. अशा वेळी औषध मनाने बंद करू नये, डॉक्टरांना सांगावे. बाबासाहेबांना स्वतःला मधुमेह होता. त्यांच्या शेवटच्या वर्षांत पथ्य, इन्सुलिन, तपासण्या हे सगळे माईसाहेबांनी, म्हणजे डॉ. सविता आंबेडकरांनी, सांभाळले. त्या स्वतः एमबीबीएस होत्या. बाबासाहेबांच्या जयंतीला आपण रक्तदान शिबिर घेतो. त्याच मंडपात साखर तपासणी का नको?

दुसरे, प्रतिजैविके. ताप आला, खोकला आला, की कोणतीही 'भारी' गोळी घ्यायची. ती गोळी उपकारक जिवाणूंनाही मारते आणि बुरशीला मोकळे रान मिळते. तिसरे, गरोदरपण. चौथे, स्टेरॉइड. खाज, गजकर्ण यांवर मेडिकलमधून मिळणाऱ्या मिश्र मलमांत पुष्कळदा स्टेरॉइड असते. लावले की दोन दिवस आराम, मग दुप्पट त्रास. पाचवे, एचआयव्ही किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारा दुसरा आजार. सहावे, कॅन्डिडाची वेगळी जात, जिच्यावर नेहमीची गोळी नीट चालत नाही. सातवे, आणि सगळ्यात नेहमीचे : निदानच चुकीचे. बुरशी नव्हतीच, दुसरे काही होते, आणि तीन वर्षे बुरशीची गोळी चालली. आणि हेही खरे की कित्येक बायांत यातले एकही कारण सापडत नाही. त्यांचा दोष काहीच नसतो.

आमच्या भागात बाया रोवणीला गुडघाभर चिखलात, ओल्या लुगड्याने दिवसभर वाकलेल्या असतात. बिडी वळणाऱ्या बाया तासन्‌तास मांडी घालून बसतात. ओल्या, घट्ट कपड्यांनी खाज नक्की वाढते, म्हणून सुती कपडा आणि कामानंतर कोरडे होणे चांगले. पण 'तू शेतात राबतेस म्हणून होते' एवढे सांगून परत पाठवणे म्हणजे तपासणी टाळणे आहे.

आणि स्वच्छतेबद्दल एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. बाबासाहेबांनी महाडला आणि नागपूरला बायांना स्वच्छ राहा, नीटनेटक्या राहा असे सांगितले. तो स्वाभिमानाचा संदेश होता. ज्यांच्यावर घाणीचे काम आणि घाणीचा शिक्का लादला गेला, त्यांनी तो शिक्का फेकून द्यावा म्हणून. पण आपलेच काही कार्यकर्ते आता प्रत्येक आजारावर 'बाया स्वच्छता पाळत नाहीत' म्हणतात. हे बाबासाहेबांचे म्हणणे नव्हे, हे सवर्णांच्या तोंडचे जुने वाक्य आपण उसने घेतले आहे. ही बुरशी अस्वच्छतेचा आजार नाही. उलट साबणाने, डेटॉलने, पाण्याच्या पिचकारीने आतून धुतल्याने उपकारक जिवाणू धुऊन जातात आणि त्रास वाढतो. बाहेरून साधे पाणी पुरते.

उपचार काय?

साध्या संसर्गाला क्लोट्रिमॅझोलची योनीत ठेवायची गोळी किंवा फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅमची एक गोळी बहुतेकदा पुरते. पण वारंवार होणाऱ्याला एक गोळी पुरत नाही, आणि मावशीचे नेमके तेच चुकत होते. तिथे आधी स्रावाची तपासणी, शक्य तर कल्चर, सोबत रक्तातली साखर आणि एचआयव्ही तपासणी. मग फ्लुकोनॅझोल पहिल्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी, आणि त्यानंतर आठवड्याला एक गोळी, सहा महिने. २००४ साली अमेरिकेत ३८७ बायांवर झालेला या पद्धतीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा महिने औषध घेणाऱ्या शंभरातल्या नव्वद बाया त्या काळात आजारमुक्त राहिल्या, नुसती खोटी गोळी घेणाऱ्या छत्तीस. औषध थांबवल्यावर मात्र आणखी सहा महिन्यांनी नव्वदचे त्रेचाळीस झाले. म्हणजे उपचार आहे, पण तो चिकाटीचा आहे, आणि काही बायांना तो पुन्हा घ्यावा लागतो. हे आधीच सांगितले तर बाई खचत नाही.

गरोदर बाईने ही पोटातली गोळी घेऊ नये, तिला योनीत ठेवायचे औषध सात दिवस देतात. यकृताचा आजार असेल किंवा दुसरी औषधे चालू असतील तर डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे. बुरशीची जात वेगळी असेल तर औषधही वेगळे, ते तज्ज्ञानेच द्यावे. ओटीपोटात दुखणे, ताप, संबंधानंतर रक्त जाणे असे काही असेल तर थांबू नये, तो वेगळा आणि गंभीर आजार असू शकतो.

सरकारी दवाखान्यात स्रावाच्या तक्रारीवर हिरव्या रंगाचे 'किट क्रमांक २' फुकट मिळते. त्यात बुरशी आणि इतर संसर्ग दोन्हींवरचे औषध असते. प्रयोगशाळा नसेल तिथे पहिल्या वेळी ही पद्धत योग्य आहे. पण ज्या बाईला तेच किट चौथ्यांदा दिले जात आहे, तिला पाचव्यांदा ते देणे हा उपचार नाही. तिथे 'आता माझी तपासणी करा' असे म्हणायचा तिला हक्क आहे. जिल्हा रुग्णालयातल्या 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये या आजारांचा सल्ला आणि उपचार मिळतो.

न तपासण्याची शेवटची किंमत

हा किरकोळ आजार आहे, एवढा लांब लेख कशाला, असे कोणी म्हणेल. त्यांनी बीड जिल्ह्याकडे बघावे. २०१९ साली ऊसतोड बायांच्या गर्भाशय काढण्याचा प्रश्न पुढे आला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ब्याऐंशी हजारांहून अधिक बायांची पाहणी झाली, त्यात तेरा हजार आठशेहून जास्त बायांचे गर्भाशय काढलेले आढळले. कित्येकींची मूळ तक्रार काय होती? अंगावरून पांढरे जाणे, पाठ दुखणे, पाळीचा त्रास. कॅन्सर होईल अशी भीती घातली गेली. एक खाडा म्हणजे मुकादमाचा दंड, म्हणून बायाही तयार झाल्या. ५ एप्रिल २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानेही बिहार, छत्तीसगड, राजस्थानातल्या अनावश्यक शस्त्रक्रियांच्या याचिकेवर निकाल देताना असे प्रकार रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांना लागू करायला सांगितले.

म्हणजे बघा, एका टोकाला बाईला हातच लावायचा नाही, दुसऱ्या टोकाला सरळ चाकू लावायचा. मधली जी गोष्ट आहे, नीट ऐकणे, तपासणे, निदान करणे, ती तेवढी गाळलेली. ज्या बाईला पंचवीस रुपयांच्या तपासणीची गरज होती, तिच्याकडून शस्त्रक्रियेचे हजारो रुपये घेतले गेले, तेही कर्ज काढून. हा वैद्यकीय प्रश्न आहेच, पण त्याआधी तो सामाजिक न्यायाचा प्रश्न आहे. कारण या बाया कोणत्या जातीवर्गातून येतात, हे सांगायची गरज नाही.

आपल्या घरातला हिशेब

व्यवस्थेला शिव्या देणे सोपे आहे. आता थोडे आपल्याकडे बघू. आम्ही किती जयंत्या केल्या, किती मोर्चे काढले. त्यात बायांची संख्या नेहमीच जास्त. निळी साडी नेसून, रांगेत, घोषणा देत. पण त्यांच्या दुखण्यासाठी आम्ही एकदा तरी मंडप टाकला का? त्या मावशीला दोन तास थांबावे लागले, पुरुष उठून जाईपर्यंत. ती कोणाला लाजत होती? सरकारला नाही, मनुवाद्यांना नाही. आमच्यालाच लाजत होती. हे लिहिताना आम्हांला बरे वाटत नाही, पण लिहिले पाहिजे.

विनयपिटकात एक कथा आहे. एक भिक्खू आजारी होऊन आपल्याच घाणीत पडला होता आणि बाकीचे भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून अंथरुणावर ठेवले. मग संघाला विचारले, तुम्ही एकमेकांची शुश्रूषा करणार नाही तर कोण करणार? ज्या धम्मात शास्ता स्वतः रोग्याला हात लावतो, त्या धम्माच्या विहारात बाईला आपले दुखणे सांगायला पुरुष जाण्याची वाट बघावी लागू नये.

म्हणून तरुण साथींना आमचे सांगणे मोठे नाही. आपल्या गावच्या विहारात महिन्यातून एक दुपार फक्त बायांच्या आरोग्याची ठेवा, आशाताईंना आणि शक्य तर महिला डॉक्टरांना बोलवा. भाषण नको, प्रश्नांना वेळ द्या. लाजणाऱ्या मुलींसाठी चिठ्ठीपेटी ठेवा, कर्व्यांच्या मासिकाने नव्वद वर्षांपूर्वी तेच केले होते. ग्रामीण रुग्णालयात तपासणीला आडोसा आहे का, स्त्रीरोगतज्ज्ञ कोणत्या वारी येतात, सूक्ष्मदर्शक चालू आहे का, हे माहितीच्या अधिकारात विचारा. ग्रामसभेत रोवणीच्या हंगामात बायांसाठी आडोसा आणि पाणी मागा. आणि घरातल्या पुरुषांनो, बायको दवाखान्यात जायचे म्हणाली तर 'एवढ्याशा गोष्टीसाठी?' हा शब्द तोंडातून काढू नका.

मावशीचे पुढे काय झाले? आमच्यातली ताई तिला घेऊन दवाखान्यात गेली, आणि तपासणी झाल्याशिवाय उठायचे नाही असे ठरवूनच बसली. साखर वाढलेली निघाली. तीन वर्षांत कोणी एकदाही रक्त तपासले नव्हते. आता साखरेची गोळी चालू आहे, आणि आठवड्याची गोळीही. तिने आणखी दोघींना सोबत नेले, हे आम्हांला ताईकडून कळले.

१९५४ साली याच भंडाऱ्यातून बाबासाहेब लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. त्या पराभवाची सल आपल्या जुन्या लोकांच्या मनात अजून आहे. मतपेटीतून आपण त्यांना तेव्हा निवडून देऊ शकलो नाही. त्यांनी कोर्टात, विधिमंडळात आणि महिला परिषदेत बाईच्या शरीराच्या हक्काचे जे काम सुरू केले, ते अड्याळच्या विहारात एका दुपारपुरते तरी पुढे नेणे आपल्या हातात आहे. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, या तीन शब्दांत आपल्या अंगाला काय होते ते शिकणेही येते.

जय भीम! जय सावित्री! जय संविधान!